शेवटचा घोट

रविवार, चैत्र वद्य सप्तमी. संध्याकाळ.

हे गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. आज धाकटे भाऊजी स्कूटरवर आम्हा मायलेकींना दौलताबादच्या रस्त्याला, दरवर्षीच्या चिंचेखाली घेऊन गेले. डब्यात दहीभात होता, स्कूटरला पाण्याची कापडी छागल लटकवलेली.

छागल वाटभर गळत होती. कोरडं कापड आदल्या दिवशी भिजवलं की फुगतं, मग गळत नाय. ते काम यांचं होतं. मला कसं सुचलं नाय? एवढं साधं, कसं सुचलं नाय?

आमचं पिऊन झाल्यावर सुमी म्हणाली, "आई, थोडं ठेव. बाबा शेवटी पितेत ना." हे खरंच सगळ्यांच्या शेवटी प्यायचे. सहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार? ठेवलं. भाऊजी तोंड फिरवून उभे राहिले.

घरी येईस्तोवर पाणी संपलेलं. सुमीनं छागल उलटी करून पाहिली अन् लई खूश झाली. "आई, बाबा पिले!"

परत विसरायला नको म्हणून आत्ताच छागल हौदात भिजत ठेवायला गेले अन् हात थांबला. भिजली तर पुढच्या रविवारी परत जाऊ तेव्हा गळायची नाय. यांचं पाणी तसंच राहील. मग पोरीला काय सांगू?