एकशे त्रेचाळीस नंबरचा टाक

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार
डिंभ्याला पोचले. मंचरहून बस नव्हतीच, जीपने आले. घर धरणाच्या पाण्याला लागून आहे, स्वयंपाकघरात छान वारा येतो. मालक भगवंतराव, पुण्याहून निवृत्त होऊन आलेले, एकटेच राहतात. दोन वेळचा स्वयंपाक आणि त्यांच्या संग्रहाची झाडपूस, एवढंच काम. छप्पन्नाव्या वर्षी माझी पहिली नोकरी! भिंतभर पुस्तकं आहेत. वाचली तर चालतील का, म्हणून भीतभीत विचारलं. ते म्हणाले, वाचा की. सातवीनंतर मी रद्दीतलंच वाचत आले, कोरं पुस्तक हातात घ्यायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

१८ सप्टेंबर
संग्रह म्हणजे टाक. आमच्याकडे प्रत्येक देवघरात असतात तसे, तळहातात मावणारे चांदीचे पत्रे, त्यावर ठोकून उठवलेला देव किंवा घरातलं गेलेलं माणूस. साहेबांकडे दोनशेच्या वर आहेत, मखमल लावलेल्या खणांत, प्रत्येकाला नंबर आणि टाइप केलेली चिठ्ठी. नियम एकच. कोरड्या ब्रशने धूळ काढायची, घासायचं कधीच नाही. जुन्या टाकांची तोंडं झिजून गुळगुळीत होतात. साहेब म्हणाले, तीच झीज संग्राहकांना हवी असते, पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या अंगठ्यांनी केलेलं ते काम आहे. ऐकून बरं वाटलं. माझ्या अंगठ्याबद्दल आजवर कुणी चांगलं बोललं नव्हतं.

२० सप्टेंबर
नंबर १४३. चिठ्ठीवर लिहिलंय: बोरी बुद्रुक, उभा पुरुष, चेहरा पूर्ण झिजलेला, शेजारी मोकळी जागा, कारण अज्ञात.
कारण मला माहीत आहे. हे गेले त्या वर्षी सोनाराला मीच सांगितलं होतं, शेजारी माझ्यापुरती जागा सोड. खालचा कोपरा दुमडलाय, तो माझ्याच हातून पाट्यावर पडून. बावीस वर्षं दर अमावास्येला चिंच आणि राख लावून मी ह्यांना घासलं. तोंड मीच झिजवलं.
चार वर्षांपूर्वी धाकटे दीर दादाभाऊ म्हणाले होते, जुने टाक कुकडीत सोडून आलो. मी काठावर जाऊन नारळ दिला होता. पाण्याला!

२१ सप्टेंबर
दादाभाऊला फोन केला. म्हणाला, "वहिनी, पत्राच व्हता तो. लई मनाला लावून घिऊ नका." मी फोन ठेवला नाही, आपटला.
साहेबांना माझा टाक मागितला. ते शांतपणे म्हणाले की खरेदीची पावती आहे, आणि ३ तारखेला सगळे टाक मुंबईला प्रदर्शनात जाणार. मला फोटो काढून देतील म्हणे. मग १४३ कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात.

२२ सप्टेंबर
पितृपंधरवडा चालू आहे आणि कुणाकुणाचे पितर इथे खणांत पडलेत. सकाळी ओली राख घेतली आणि अवसरीच्या एका बाईचा टाक खसाखसा चोळला. साहेबांची ती झीज मोडायचीच होती मला.
चोळून चेहरा जातो. पण तिचा आला. आधी नथ, मग डोळे, हनुवटीवरचं गोंदण. आतून वर आल्यासारखे. मी भ्यायले. पण दुसरा घेतला.

२४ सप्टेंबर
रोज वीस-पंचवीस. सगळ्यांना तोंडं फुटली. कुणी रागीट, कुणी दमलेलं. साहेब खण उघडत नाहीत, पेट्यांच्या याद्या करत बसतात. आज वाढताना बघितलं, त्यांना भुवया नाहीत.

२६ सप्टेंबर
खात्री करून घेतली. साहेब ओसरीवर पेपर वाचत होते. मी दाराआड उभी राहून एका म्हाताऱ्याच्या टाकाचं नाक चोळलं, नजर साहेबांवर. इकडे नाक वर आलं. तिकडे चष्मा घसरून त्यांच्या मांडीवर पडला. त्यांनी तो परत लावला. परत पडला. तो अडकायला काही उरलं नव्हतं.
मला थांबता आलं असतं. हे लिहून ठेवते.

२८ सप्टेंबर
त्यांनी खण उघडले. ओरडले, सत्यानाश केला म्हणाले, आत्ता चालती हो म्हणाले. ओठ पातळ झाल्याने शब्द नीट सुटत नव्हते. मी म्हटलं, १४३ द्या, जाते. मान हलवली. नाही.
मग मी त्यांच्यासमोर बसून घासलं.

३० सप्टेंबर
दूध घालणारी चिमाबाई आज ओसरीपर्यंत आली. "अवो बाई, सायबाचं त्वांड कुटं गेलं?" म्हणाली आणि किटली टाकून पळाली. दूध पायरीवरून वाहिलं. मीच पुसलं.
त्याचा हात अजून गळ्यातल्या किल्लीवर. सोडत नाही.

१ ऑक्टोबर
शेवटचा टाक झाला. खणांतून सगळे बघतात. आरशासारखे लखलखीत, भुकेले.
साहेब खुर्चीत. श्वास आहे. समोरून घोटीव, पाठीमागे केस. किल्ली मी काढली. कपाट उघडून १४३ घेतला.
दया आली नाही. यायला हवी होती.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री
स्टँडवर बसलेय. हे माझ्या मांडीवर आहेत. दोनची बस आली नाही. राख पदराच्या गाठीत बांधून आणलीय.
असंच घेऊन जावं. गुळगुळीत. पण सगळ्यांना तोंड दिलं आणि ह्यांना नाही—
लग्नातला फोटो कधीच पुरात भिजला. मला ह्यांचं तोंड आठवत नाही. सव्वीस वर्षं झाली.

एकदाच चोळलं. मिशी आली. माझ्या भुवईला हात लावला. नाही.
साहेबाचं संपलंय. आता माझंच—

नाक ह्यांचंच. वाकडं, बैलाने मारलेलं. विसरले होते. माझं चाचपून बघत नाही.

नाव कधी घेतलं नाही. लिहिलंही नाही. कुंडलिक.
कुंडलिक, डोळे राहिलेत तुमचे. तेवढे आले की—

ओळी दिसेनात. बोटाने धरून लिहितेय. शेजारच्या माझ्या मोकळ्या जागेत काहीतरी लागतंय हाताला, पदराची घडी, कपाळ—
अंगठ्याखाली ह्यांची पापणी हलली. बघतायत. माझ्याकडे नाही, शेजारी, तिच्या—