दोघांचं मागणं

२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत याकोबदादाचं नाव घेतलं की आता लोक डोळे मिटायच्या आधीच उसासा टाकतात. अकरा महिने झाले. दर रविवारी तेच मागणं — प्रभू, आमच्या भावाला किडनी मिळू दे.

पाळकसाहेब म्हणाले, भीत भीत मागू नका, लेकरू बापाकडं मागतं तसं हक्कानं मागा. मग मी उभी राहिले आणि मोठ्यानं मागितलं. शेवटी नेहमीचं — तुझ्या मनाला येईल तसं कर. खाली बसले तर मार्थावहिनीनं माझा हात दाबला. तिला वाटतं नणंदेचा विश्वास आपल्यापेक्षा मोठा आहे.

गुडघे दुखतायत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला घेऊन सोलापूर. सकाळची एसटी, चार तास डायलिसिसच्या मशीनवर, परत एसटी. येताना त्याच्या पायात गोळे आले. नळदुर्गपर्यंत पोटऱ्या चोळत बसले. घरी येऊन स्वयंपाक.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा सोलापूर. लिहवत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डायलिसिसला नव्या डॉक्टरीणबाई आल्यात. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, सख्खं कोणी नाही का देणारं? दादा लगेच म्हणाला, बायकोला शुगर आहे, बहिणीला बीपीचा लई त्रास.

मी तिथंच उभी होते. त्याच्या डब्याची पिशवी हातात.

मला बीपी नाही. कधीच नव्हतं. नर्स आहे मी — दिवसाला तीस जणांचं बीपी बघते, स्वतःचं ठाऊक नसेल? गेल्या मार्चमध्ये पहिल्या डॉक्टरांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. तेव्हा वाटलं, गैरसमज झाला असेल, घरी गेल्यावर सांगू. सांगितलं नाही. आमच्या दोघांचा रक्तगट एक आहे हे तर मला ट्रेनिंगपासून माहीत आहे.

आजही गप्प बसले. आणि रविवारी पुन्हा उभी राहून मोठ्यानं मागणार. तुझ्या मनाला येईल तसं कर, म्हणणार. किती नम्र बाई!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहू का नको, कळत नाही. लिहिते.

दुपारी हायवेवर अपघात झाला. ट्रकनं मोटारसायकल उडवली. आमच्या दवाखान्यात आणला तो पंचवीस-सव्वीसचा मुलगा, नंदीश नाव. डोक्याला मार, एक पाय पार वाकडा. आमच्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. मी सलाइन लावत होते. त्याच्या खिशातलं लायसन टेबलावर काढून ठेवलेलं. त्यावर रक्तगट होता. ओ पॉझिटिव्ह. दादाचाच. वाचला आणि मनात आलं — हा गेला तर.

एवढंच. एक क्षण. पण आलं.

तेवढ्यात त्याची आई आली, कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून. जगदेवी. कपाळाला विभूती, एका पायात चप्पल नाही. मल्लम्मानं, आमच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशीनं, तिला काय सांगितलं असेल कोण जाणे. सरळ माझ्याकडं आली आणि हात धरला.

“बाई, तुमी देवाचं करता म्हनं. माज्या लेकरासाठी मागा की.”

चर्चमध्ये खणखणीत लागणारा माझा आवाज फुटेना. कारण तेव्हाच कळलं, अकरा महिने मी उभी राहून काय मागत होते ते. कुणाचा तरी असा मुलगा. कुणाची तरी अशी आई. आमच्या घरातलं कुणाचं काही जायला नको — माझं काही जायला नको — म्हणून.

तिचा हात धरून पुटपुटले, ह्याला वाचव. पुरा वाचव. पुढचं नेहमीचं वाक्य जोडलंच नाही. देवाला सटकायला जागा ठेवली नाही, मलाही नाही.

ॲम्ब्युलन्स गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सोलापूर. दादाकडं बघवत नव्हतं. झोप लागली का गं, असं त्यानंच मला विचारलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मल्लम्मानं बातमी आणली. नंदीश शुद्धीवर आला, आईला ओळखलं. पाय जुळायला वेळ लागेल. मी ड्रेसिंगरूममध्ये स्टुलावर बसून रडले. मल्लम्मा म्हणाली, “वाचलं की वो ते पोरगं. रडताय कशापायी?”

तोंड धुतलं आणि पुढच्या पेशंटचं ड्रेसिंग घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठले नाही. वहिनीनं प्रार्थना केली, जागेवरूनच, इतक्या बारीक आवाजात की पुढच्या बाकालाही ऐकू गेलं नसेल.

मी मनात म्हटलं — प्रभू, मला भीती वाटते. पोट फाडून घ्यायची भीती वाटते. आमच्या लेकीची, सृष्टीची, दहावीची परीक्षा सुरू होतेय, मी टेबलावरून उठले नाही तर तिचं काय? माझ्याजवळ खरं एवढंच आहे. आता तूच मला उठव.

जेवताना ह्यांना सांगितलं. ते नाही म्हणाले. ताट सरकवून उठून गेले. तासाभरानं येऊन विचारलं, किती दिवस विश्रांती लागेल?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला मशीनवर लावल्यावर बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्यांनी लगेच बीपी घेतलं. एकशे अठरा, शहात्तर. फॉर्म पुढं केला. बाटल्या भरभरून रक्त घेतलं. अजून बऱ्याच तपासण्या आहेत.

आज थकवा वेगळा आहे, काम करून आल्यावरचा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादाला कळलं. एसटी सुटल्यावर खिडकीकडं तोंड करून म्हणाला, “सुवार्ता, तुला कुणी सांगितलं होतं?”

म्हटलं, कुणी नाही. तूच खोटं का सांगितलंस ते सांग.

तो सांगू लागला. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची आणि तो चौदाचा. शाळा सोडून जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानात लागला तो माझ्यासाठी. मला कडेवर घेऊन दुकानात जायचा. हे सगळं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

“मी देवाला किडनी कधी मागितलीच न्हाय. रोज एकच मागत होतो — किडनी द्यायचं सुवार्ताच्या मनात येऊ देऊ नको. मोठ्यानं न्हाय मागितलं. पण एक दिवस बी सोडलं न्हाय.”

मी विचारलं, आणि मी रविवारी मागायचे ते?

“तू मागायचीस तवा मी आमेन म्हणायचो न्हाय. तुझ्या ध्यानातच आलं न्हाय कधी.”

त्याचे पाय चोळायला वाकले तर त्यानं पाय ओढून घेतले. मग नळदुर्ग गेल्यावर आपणच पुढं केले.

६ मार्च, गुरुवार

रिपोर्ट आले. जुळतंय. वहिनीनं दारातच गुडघे टेकले. दादा आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून लहान लेकरासारखा रडला — वर्षभराचं त्याचं मागणं देवानं नाकारलं.