पाइपाचा तिरका काप

४ मार्च, मंगळवार

म्हैस आमच्या गॅरेजात आली. तीही क्रेनला लटकून! म्हैस म्हणजे ती मोठी काळी जीप — डोंगर चढणारी, दगडधोंडे तुडवणारी, आतून मात्र राजवाडा. मागून डावीकडे पार बसलेली. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चार कोपऱ्यांत चार रबरी फुगे आणि त्यांना हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर. हवा गेली की म्हैस बसली.

चालवत होते आमचे दाजी, ताईचे यजमान. ती नोकरी मीच लावून दिलेली. गाडीमालकाच्या आईला दवाखान्यातून आणायला एकटेच निघाले होते. म्हातारी तीन तास बाकावर बसून राहिली. मालकाने दाजींना तडकाफडकी काढलं.

"नीट बघ रे," दाजी एवढंच म्हणाले.

५ मार्च

लॅपटॉप जोडला. कॉम्प्रेसर तापून गेलाय. जळका वास तर मला दारातूनच आला होता. सगळे म्हणाले, नवा टाक, विषय संपव. अरे, पण कॉम्प्रेसर उगाच जळतो का? कुठेतरी हवा गळते, आणि तो बिचारा फुटका हंडा भरत बसतो. नवा टाकला तर तोही जळेल.

बाहेरून हवा भरली, साबणाचं पाणी घेतलं, एकेक सांधा बघत निघालो. तीन कोपरे ठणठणीत. मागच्या डाव्या फुग्यात पाइप घुसतो तिथे पांढरट, सुकलेला डाग. धूळ असेल. पुसला, पाणी मारलं — फेस!

पाइप ओढून काढला. टोक तिरकं कापलेलं. पकडीने.

हा फुगा जानेवारीत मीच बदलला होता.

६ मार्च

सरळ कापायचा कटर त्या दिवशी पलीकडच्या टेबलावर होता. दहा पावलं! तेवढा कंटाळा केला आणि पकडीने कच्‌कन तोडला. तिरकं टोक आत नीट बसत नाही, हे मीच चारचौघांना शिकवतो. वर फोरमनने विचारलं, "फेस बघितलास?" मी म्हणालो, "हो." बघितला नव्हता.

आज सकाळी सांगणारच होतो. खरंच! तोंड उघडणार, तर फोरमनच म्हणाला, "मालकाचा फोन होता. खालून दगड लागला म्हणे. तसंच दिसतंय ना?"

आयतीच पळवाट. मी म्हणालो, "हो, तसंच."

आणि अहवालात लिहिलं — खालून मार बसून सांधा सैल. खाली माझी सही. तिरका तुकडा कापून खिशात टाकला, पाइप सरळ बसवला. या वेळी फेस बघितला. दोनदा.

७ मार्च

तुकडा कचऱ्यात टाकायला गेलो. टाकवला नाही.

९ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ताई नुसती धुमसत होती. "बावीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही पडू दिला यांनी, आणि म्हणे दगडावर घातली! अहो, तुम्ही बोलत का नाही?"

दाजी खाली मान घालून जेवत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला अजून काही सापडलं का रे?"

"नाही दाजी. दगडच."

"बरं."

ताईने ताटात आग्रहाने वाढलं. "तू होतास म्हणून तपास तरी धड झाला."  मी नुसता पाणी पीत राहिलो. मी किती हलकट माणूस आहे!

११ मार्च

म्हैस तीन दिवस जागेवर उभी ठेवली, पट्टीने रोज मोजली. तसूभरही खाली आली नाही. फोरमन सगळ्यांसमोर "शाब्बास!" म्हणाला. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

दाजी आज एका ठिकाणी काम विचारायला गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "दगडवाले तुम्हीच ना?" हे ताईने फोनवर सांगितलं. ती रडत होती. मग दाजींनी फोन घेतला. परत तेच — "काही सापडलं का रे?"

१२ मार्च

चोराच्या मनात चांदणं. कोणी नुसतं "साबण कुठाय" विचारलं तरी दचकतो.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं. तुकडा फोरमनच्या टेबलावर ठेवला. तो ओरडला नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला, म्हणाला, "चल, गाडीमालकाकडे."

मालकाने सगळं ऐकून घेतलं, तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "पण दगडाचं मला ड्रायव्हरनेच सांगितलं. त्याच दिवशी, रस्त्यावरून फोन करून. चूक माझी म्हणाला. मी तर विचारलंही नव्हतं."

दाजींना परत बोलावलंय. माझं काय ते सोमवारी कळेल. ते जाऊ दे. पण गाडी दगडावर गेलीच नव्हती, मग दाजी असं का बोलले?

१५ मार्च

सकाळीच दाजींकडे गेलो. ताई बाजारात गेली होती. म्हटलं, "दाजी, कसला दगड?"

दाजी म्हणाले, "गाडीत हात धुवायचा साबण असतो. बाटलीभर पाणी होतं. गाडी बसल्याबसल्या फेस बघितला मी. जानेवारीत तो सांधा तूच बसवलास, हे मला ठाऊक होतं."

तो पांढरा डाग! धूळ म्हणून मीच पुसलेला.

मला रडू आवरेना. दाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "परत परत विचारत होतो ना तुला, काही सापडलं का म्हणून," ते म्हणाले.