शिकला : होय / नाही

४ मार्च
नवी शेड सुरू होण्याआधी सर्व कामगारांचे आगीचे प्रशिक्षण झाल्याचे कागद हवेत. प्रत्येक नावापुढे ‘शिकला : होय / नाही’, खाली प्रशिक्षण देणारा म्हणून माझी सही. व्यवस्थापकांना विचारले, शिकला म्हणजे नेमके काय? म्हणाले, “बी.कॉम. झालात तेव्हा कोणी विचारलं होतं का?”
टॉवेलच्या कारखान्यात हवेतच सुताची लव असते. पेटली की आवरत नाही. चुकीचा ‘होय’ म्हणजे एखाद्याचा जीव.

६ मार्च
तोंडी परीक्षा. भोंगा वाजला की यंत्र बंद, बाहेर पडणे, आवारातल्या मारुतीच्या कट्ट्यावर जमणे, मोजणी होईपर्यंत तिथेच थांबणे. लक्ष्मीअक्का, महादेव, सर्वांना तोंडपाठ.
व्याख्या (कच्ची) : शिकणे म्हणजे विचारल्यावर बरोबर सांगता येणे.

७ मार्च
व्याख्या रद्द.
सराव घेतला. सगळे पळाले, आणि कट्ट्याच्या पायरीशी पहिली रांग चपला काढायला वाकली. मागचे त्यांच्यावर आदळले. जुन्या शेडच्या दारापर्यंत कोंडी. आत खरा धूर असता तर...
महादेव, सांगोल्याकडचा, लूमवर असतो. त्याला विचारले, काय शिकवले होते? “समदं पाठ हाय, साहेब. पर पायच थांबत्यात.”
जागा बदलण्याची मागणी केली. उत्तर : बाकी आवारात ट्रक लागतात.

११ मार्च
चपला काढायच्या नाहीत, असे पुन्हा बजावले. लक्ष्मीअक्का बॉबिन लावता लावता म्हणाली, “तुमी बूट घालून चढा की आधी. पाप लागलं तर पैलं तुमाला.” सगळे हसले. सरावात मी बुटांसह चढलो. मागोमाग सगळे, कोणीही वाकले नाही.
व्यवस्थापक खूश. “शिकले की. करा सही.”
माझ्या मागे चढणे म्हणजे शिकणे? आग काय माझी रजा पाहून लागणार आहे? सही केली नाही.
सायंकाळी अक्का कट्टा धूत होती. मला पाहून बादली बाजूला सरकवली.

१४ मार्च
दुपारी भोंगा. सराव नव्हे, मोटर जळून शेडमध्ये धूर. कट्ट्यावर धावलो, तर तिथे मी एकटा. सगळे फाटकाबाहेर, चहाच्या गाड्याभोवती. तिथेच मोजायला घेतले. महादेव नाही. तेवढ्यात तो खोकत शेडमधून बाहेर आला.
संतापलो. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जायचे नाही, हे किती वेळा सांगितले?
“अक्का दिसंना, साहेब. समदी हुती, अक्काच न्हाय.”
अक्का गाड्याच्या पलीकडे पदराने तोंड झाकून उभी होती. “मड्या, हितं हाय की मी,” म्हणाली आणि रडू लागली.
कट्टा विसरला, नियम विसरला. मोजणी मात्र त्याने केली, माझ्या आधी.

१५ मार्च
निरोप : कागद सोमवारी हवेत.
इतरांपुढे ‘नाही’ लिहिले. व्यवस्थापक काय म्हणतील ते म्हणोत. महादेवच्या नावापुढची जागा कोरी ठेवली आहे. ‘होय’ लिहिले, तर पुढच्या खेपेसही तो आत जाईल. ‘नाही’ लिहावे, तर अक्का नाही हे कळले ते त्यालाच...