वाक्य ज्याचं त्याने पूर्ण करायचं

रविवार, ५ जानेवारी

आज बेहेरे सरांनी दीपमालाचं नाव सांगितलं. म्हणजे तिच्याऐवजी सांगितलं!

आमच्या गटाचा नियम साधा आहे. सगळे अडखळत बोलणारे, गट चालवणारा मीसुद्धा. बैठकीच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, कितीही वेळ लागो. आणि वाक्य ज्याचं त्याने पूर्ण करायचं, दुसऱ्याने तोंड घालायचं नाही. दीपमालाची ही पाचवीच बैठक. मूळची वर्ध्याची, इथे आयटीत आहे. हडपसरहून बस बदलून सदाशिव पेठेत येते, एका क्लासच्या रिकाम्या वर्गात आम्ही जमतो तिथे. आज ती "द"वर अडकली. दहा सेकंद, पंधरा... स्वतःच्या नावावर अडकणं काय असतं ते आम्हालाच माहीत. आणि सर मोठ्यांदा — "दीपमाला! हां, पुढे?"

पुढे काय! ती खाली बसली, नंतर तासभर एक शब्द बोलली नाही. सर मात्र वीस मिनिटं बोलले. निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं अडखळणं तिशीत आपोआप गेलं म्हणे. तेव्हापासून सगळी थकबाकी वसूल करताहेत.

बुधवार, ८ जानेवारी

दीपमालाने व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. कारण लिहिलं नाही.

पाच वर्षांत चौदाचे सहा झालो, आता पाच. बाकीचे गेले तेव्हा वाईट वाटलं होतं, या वेळी राग आलाय. पुढच्या महिन्यात तिला ऑफिसात सगळ्यांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं आहे. त्याच्या तयारीसाठी येत होती ती. तिला परत आणायचंच. म्हणजे सरांशी बोलायला हवं. इथे कागदावर किती सरळ लिहिता येतं मला!

शुक्रवार, १० जानेवारी

सरांना चहाला बोलावलं. चार वाक्यं पाठ करून गेलो होतो.

"सर, तुम्ही लोकांची वाक्यं प— प—"

"पूर्ण करतो? अरे पुष्कर, मदत म्हणून!"

तक्रारसुद्धा त्यांनीच पूर्ण केली! मग, चढावर बंद पडलेल्या स्कूटरला आपण मागून हात लावतोच ना, वगैरे. माझी उरलेली तीन वाक्यं खिशातच राहिली. वर निघताना माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर एवढा विचार करत बसलो नसतो.

रविवार, १२ जानेवारी

बैठक झाली. म्हणजे सर बोलले.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून जो तो सांगतोय, गोड बोला. आधी बोलू तर द्या!

ग्रुपवर नियम पुन्हा लिहून टाकले, कोणाचं नाव न घेता. सरांचा लगेच अंगठा आला. पाठोपाठ सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज — नियम पाळण्याचं महत्त्व.

संध्याकाळी आमच्या गटातल्या संपतचा फोन. हडपसरला भाजीचा गाळा आहे त्याचा. "द-दादा, त्यो माणूस ग्वाड हाय, पर त्येच्या तोंडाला ब्रेक न्हाई. तुमीच लावा की." मीच लावायचा! मध्येच कोणाला अडवायचं तर शब्द एका सेकंदात बाहेर पडावा लागतो. तो पडत असता तर हा गट काढला असता का मी?

रविवार, १९ जानेवारी

झालं एकदाचं!

संपत मुलीच्या शाळेत जाऊन आला होता, ते सांगत होता. "बाई म्हनल्या, तुमची पोरगी लई ह— ह—"

"हुशार!" सर.

मी उठलो. "सर, त्यांना ब—" अडकलं. चांगलंच अडकलं, मान आखडली. सरांचे ओठ हलले, शब्द त्यांच्याकडे तयार होता. मी हात वर केला. किती वेळ गेला कोण जाणे. पण "बोलू द्या" माझं मीच म्हणालो.

सर मागे टेकून बसले. मग संपत सावकाश म्हणाला, "हुशार न्हाई सर. ह-हट्टी म्हनल्या." सगळे हसले. सर जरा उशिरा हसले.

नंतर जिन्यात थांबले होते. "शाळेत मी अडकलो की वर्ग खिदळायचा रे. तेव्हा वाटायचं, कोणीतरी शब्द द्यावा आणि सोडवावं." मग हळूच, "पुढच्या रविवारी यायचं ना मी?" या म्हणालो.

सोमवार, २० जानेवारी

आज ऑफिसात उगीचच शीळ घालत होतो. कठीण माणूस हाताळणं आपल्याला जमतं तर! आणि तेही कोणाला न दुखावता. (थोडं दुखावून.)

दीपमालाला मेसेज केला — सरांशी बोललो, आता ते मध्ये बोलणार नाहीत, रविवारी नक्की ये.

बुधवार, २२ जानेवारी

तिचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

"पुष्करदादा, सरांमुळे नाही सोडलं. ते मध्ये बोलायचे, पण माझ्याकडे बघून बोलायचे. मी अडकले की तुम्ही मान खाली घालता. प्रत्येक वेळी. ऑफिसमध्ये पण सगळे तेच करतात."

खरं आहे. अडकलेलं माणूस मला बघवत नाही.