खिशाचा हिरवा दोरा

अण्णा, तुमची नात अजून घरी आली नाही आणि मी मघापासून मशीनवर बसतेय नि उठतेय. रविवारी पहाटे ती सायकल क्लबबरोबर नांदेड रोडला जाते. एरवी एका क्लासात फिजिक्स शिकवते. लातुरात आता गल्लोगल्ली क्लासेस झालेत आणि त्यांच्या पोरांचे टी-शर्ट शिवून माझं घर चालतं. म्हणून क्लबची जर्सीही माझ्याच गळ्यात आली. काळी पाहिजे म्हणे, पण चारचौघांत उठून दिसली पाहिजे. पहाटेच्या अंधारात, ट्रकांच्या रस्त्यावर, काळी! भांडभांड भांडून मी ती पिवळी करून घेतली. सायकलवाल्यांचे खिसे पाठीवर असतात. ते शिवायला बसले तर हात आपोआप हिरव्या रिळाकडे गेला.

तुम्ही तिकडं किल्लारीच्या बाजूला शाळेवर होतात, शनिवारी घरी यायचात. तुमच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा उसवला होता, पांढरा दोरा संपला होता आणि मी, सहावीतली शहाणी, आईला न विचारता हिरव्या दोऱ्यानं तो वाकडातिकडा शिवून टाकला. केवढे चिडलात! "मास्तराचा शर्ट हाय का बँडवाल्याचा?" मी रुसून कोपऱ्यात बसले. सोमवारी बघते तर तुम्ही तोच शर्ट घालून निघालेले.

त्याच आठवड्यात धरणी हलली. काका तुम्हाला शोधायला गेले. मातीनं सगळी माणसं एकसारखी झाली होती, चेहरे बघून काही कळत नव्हतं म्हणे. परत येऊन ते आईशी एवढंच बोलले, "खिशाला हिरवा दोरा व्हता."

जर्सी बघून ही म्हणाली, आई, दोरा चुकून लागल्यासारखा दिसतोय, उसव ना. मी ठोकून दिलं, आता सगळे असंच शिवून राहिलेत, फॅशन हाय. तिला पटलं. आज पहिल्यांदाच ती घालून गेलीय.

फाटक वाजलं. आली बाई एकदाची. आता आत येऊन पुन्हा विचारेल, हिरवाच का, आणि मी पुन्हा फॅशनच सांगेन. हे पत्र तिच्या हाती पडायच्या आधी फाडते, तुमच्यापर्यंत तरी ते कुठं जाणार होतं. पिवळा रंग ट्रकवाल्यांसाठी आहे, अण्णा. हिरवा दोरा माझ्यासाठी.