व्याह्यांनी माझे निखारे सरकवले

ती. देल्फिनाताईस, निकानोरचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? आम्ही इथे मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण चार दिवस झाले, मला एका जागी बसवत नाही. या पत्रातूनसुद्धा तीनदा उठलो (आत्ता गेलो होतो मांजर बघायला; मांजर ठीक आहे).

रविवारी रामोनाच्या होणाऱ्या सासरची मंडळी जेवायला यायची होती. मी पहाटेच लाकडं पेटवली, कोकरू लोखंडी क्रुसावर ताणून बांधलं आणि निखारे थोडे थोडे ओढत बसलो. पाच तासांचं काम, तुला काय सांगायचं! दुसऱ्याच्या विस्तवाला हात लावायचा नाही, हे आपल्या पाम्पाच्या माळरानावर शेंबड्या पोरालाही कळतं. आणि आमचे व्याही फाउस्तो! आल्या आल्या वाइनचा पेला घेऊन विस्तवापाशी, वाऱ्याकडे बघितलं, कोकराकडे बघितलं, "हं" म्हणाले (त्या "हं"चं मी काय करू, सांग), आणि मी खुर्च्या मांडायला वळलो तेवढ्यात माझ्याच फावड्याने माझे निखारे सरकवले! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "व्याहीबुवा, उद्या माझे बूटही घालून फिराल!" तर म्हणाले, "बूट राहू देत, आधी कोकराकडे बघा." बायकांनी कसंबसं आम्हाला टेबलाशी बसवलं. जेवण झाल्यावर नेहमीप्रमाणे कुणीतरी ओरडलं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या!" आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. तेही वाकले, मीही वाकलो. टाळ्या जागच्या जागी थांबल्या, आणि मंडळी कॉफीही न घेता निघून गेली.

लग्न महिन्यावर आलंय. फाउस्तो म्हणतात, "लग्नाचं कोकरू मीच भाजणार." मी म्हणतो, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही. रामोना म्हणते, मग लग्नच नको. रडून रडून डोळे सुजलेत पोरीचे, बघवत नाही गं.

तुझा भाऊ,
निकानोर

ता. क. लग्नाचं कोकरू तू भाजशील का? तुझ्यापुढे बोलायची दोघांचीही छाती नाही. मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही. (विस्तव भिंतीच्या आडोशाला लाव, वारा दक्षिणेचा असतो. बरं, राहिलं.)

ता. क. २. हे दाजींना वाचून दाखवू नकोस. त्या दिवशी मंडळी आली का ते बघायला मी सारखा फाटकाशी पळत होतो, आणि इकडे निखाऱ्यांची राख झाली होती. मांड्या कच्च्याच राहिल्या असत्या. फाउस्तोंनी वेळेवर विस्तव पुढे ओढला म्हणून अब्रू वाचली. आणि हे त्यांनी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. त्यांची बायको गावभर माझ्याच हाताचं कौतुक करतेय. भांडावं तरी कसं गं अशा माणसाशी?